जर

तांडापेठेत जिन्याखाली माझं दुकान:
एक मशीन, एक इस्त्री, फॉल-पिकोची पाटी,
आणि नवतप्याचे दिवस. कूलरला वाळा आहे, पाणी नाही.
समीक्षा परातेनं पर्स उलटी केली माझ्या पाटावर.
बटन सेल, तांदळाएवढा दिवा,
रुपयाएवढी हिरवी चकती
आणि मुगाएवढं काहीतरी काळं, तीन पायांचं.
"काकू, हे गरमी ओळखते."
मी म्हटलं, नागपुरात त्याच्यासाठी यंत्र लागते काय वं?

हसली नाही पोट्टी.
कारण टोपी लोकेशची होती.

माझा लोकेश पार्सलं वाटतो.
मंगळवारी वर्धमाननगरला एका फाटकाशी
गाडी स्टँडवर लावून बसला
तो बसूनच राहिला.
चौकीदारानं डोक्यावर बाटली ओतली.
घरी येऊन म्हणतो, काही नाही, थोडं गरगरलं.

धागा पोलादाचा. नेढ्यात जाईना,
ओठानं ओला केला तर खिळ्याची चव.
"धन इकडून, ऋण तिकडून," समीक्षा सांगत होती,
"एकाला दुसरं शिवलं की संपलं."
म्हणजे शिवायचं, पण शिवू द्यायचं नाही.
तीस वर्षं मी तुकड्याला तुकडा भिडवला;
आज दोन ओळींत बोटभर जागा मोकळी ठेवताना
मान दुखून आली.

आकडा किती लावायचा?
चाळीस लावला तर सकाळी दहाला पेटेल
आणि दिवेलागणीपर्यंत विझायचं नाव घेणार नाही.
"गावाची गरमी नाही मोजायची काकू. त्याची मोजायची."
म्हणून काळा मूग घामपट्टीच्या आत, कपाळाला टेकेल असा,
आणि दिवा टोपीच्या छज्ज्याखाली, सावलीत.
मे महिन्याच्या उन्हात काजवा कोणाला दिसतो?
तिनं लॅपटॉपवर एक ओळ लिहिली, मला वाचून दाखवली:
जर अडतीसच्या वर, तर दिवा.
एवढंच? एवढंच.

आणि धागा संपला.
चार बोटं कमी. रात्रीचे साडेनऊ, बर्डीवरचं दुकान बंद.
ती म्हणाली, उद्या. मी म्हटलं, उद्या तो सातला निघतो.

पेटीच्या तळाशी मामंजींनी विणलेला एक काठ होता.
लुगडं फाटलं, माग भंगारात गेला,
काठ राहिला, काळवंडलेला.
खरी जर आहे, म्हणायचे, सोनार जाळून पाहतो.
समीक्षानं जाळली नाही.
मीटरची दोन टोकं काठावर ठेवली,
आणि मीटर बोललं: टीं.
मामंजींना कोणी इतक्या लवकर खरं मानलं नव्हतं.

चार बोटं उसवली मी. जास्त नाही.
ती जर ठिसूळ झाली होती, सुईतून ओढता येईना;
कापडावर आडवी ठेवून साध्या दोऱ्यानं
वरून टाके घालत गेले, जसं लेकराला धरतात,
घट्ट नाही, सुटूही नाही.
मग इस्त्री जवळ धरली.
दिवा लागला. लाल. दोघी काही बोललो नाही.

सकाळी तो टोपी घालून गेला.
आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं:
पेटला तर त्याला दिसेल. मला कुठं दिसतो?
एक वाजला, दोन वाजले,
सोनटक्केबाईंच्या ब्लाउजची बाही मी उलटी लावली,
उसवली, पुन्हा उलटीच लावली.

पाचाला आला. गटागटा पाणी प्याला.
"दोनदा लागला," म्हणाला, "कडुनिंबाखाली थांबलो
विझेपर्यंत. साहेबाचे तीन फोन येऊन गेले."
टोपी काढून माठावर ठेवली.
छज्जाखाली अजून लाल होतं.
ओल्या मातीवर हळूहळू, नाही म्हणता म्हणता, गेलं.

सेल तर नाही ना संपला,
म्हणून मी पुन्हा इस्त्री तापत घातली.